चित्राला ‘नको’ म्हणता येत नाही

२०१८चा पोळा. रात्रीच्या गाडीने हैदराबादहून आदिलाबाद, सकाळी बेल्याकडची बस आणि फाट्यावरून बाबांच्या मोटरसायकलवर घर. आमचं गाव बेला मंडलात, पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर. पलीकडे यवतमाळ जिल्हा. अंगणात शिरले तर शेजारचे नाना आमच्याच ओट्यावर पाय लांब करून बसलेले. घोट्याच्या वर बोटभर रुंदीचा काळपट वळ, गोल, कडं घातल्यासारखा. आत्या म्हणाली, नानाला साप डसला होता, धुऱ्यावरचं गवत कापताना.

साप धामण होता. धामणीला विष नसतं. नानांना काहीच झालं नसतं. पण त्यांनी बैलाच्या कासऱ्याने पाय करकचून आवळला आणि तो इतका वेळ तसाच ठेवला, की दवाखान्यात पोचेपर्यंत पाऊल निळं पडलं होतं. पंधरा दिवस झाले तरी बोटांना मुंग्या येतच होत्या. मी विचारलं, ‘‘नाना, दोरी कशाला बांधली?’’

‘‘तुह्याच चित्रात तं हाय ना, बाई.’’

मी तशीच उठून पंचायतीच्या भिंतीपाशी गेले. माझं पोस्टर अजून तिथेच होतं. जुलै २०१७मध्ये मी स्वतः खळ लावून चिकटवलेलं. त्यात चार चौकटी होत्या: पायाला दोरी बांधणारा माणूस, जखमेवर ब्लेड मारणारा, तोंडाने रक्त ओढून थुंकणारा आणि मांत्रिकापुढे बसवलेला रुग्ण. चारही चौकटींवर मी लालभडक फुल्या मारल्या होत्या. आता फुल्या नव्हत्या. निळ्या-काळ्या रंगात माणसं तेवढी उरली होती, स्वच्छ, ठळक, एकामागोमाग एक. दोरी बांधा, चिरा, ओढा, मांत्रिकाकडे न्या.

छपाईचं थोडं सांगायला हवं. रंगीत छपाईत चार शाया असतात: निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळी आणि काळी. लाल नावाची वेगळी शाई नसतेच. मॅजेंटा आणि पिवळी एकावर एक बसली की डोळ्याला लाल दिसतो. आणि उन्हात सगळ्यात आधी उडतात त्या ह्याच दोघी. दुकानांच्या काचेमागे वर्षभर राहिलेली चित्रं निळी पडलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, ती यामुळे. मी मात्र माझा सगळा निरोप, म्हणजे तो ‘हे करू नका’, सर्वांत कच्च्या शाईवर सोपवला होता. पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीवर. आदिलाबादच्या उन्हाळ्यात.

त्या पोस्टरला मला वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळाले होते.

उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला काम होतं, सामाजिक विषयावर २० बाय ३० इंचांचं पोस्टर करायचं. हा अभ्यास आपल्याकडे जुना आहे. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७चं, तिथे कमर्शियल आर्टचा विभाग १९३५ साली सुरू झाला आणि १९६१मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली. आज कुठल्याही कला महाविद्यालयात जा, हे सामाजिक पोस्टर करावंच लागतं. त्याआधी शाळेतही आपण केलेलं असतं. पाण्याच्या शेवटच्या थेंबात पृथ्वी, तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर रडणारा चेहरा, सिगारेटच्या धुरातून निघालेली कवटी. मुलं मनापासून काढतात. पण ती काढतात परीक्षकांसाठी, आणि परीक्षकांना विषय आधीच माहीत असतो. ज्याला विषय माहीत नाही, ज्याच्या घरात उद्या ती वेळ येणार आहे, तो माणूस या व्यवहारात कुठेच नसतो. माझ्याही नव्हता. सरांनी विचारलं, कल्पना काय? मी म्हटलं, चार चुका आणि चार फुल्या. सर म्हणाले, छान, थेट आहे. दोघांनाही फुलीचा अर्थ ठाऊक होता.

विषय मात्र मी नेमका निवडला होता, त्याचं मला आजही बरं वाटतं. कापसाचा मुलूख आहे आमचा. पावसात निंदण, मग बोंडं फुटली की वेचणी, आणि वेचणीला बाया असतात, वाकून, हात पऱ्हाटीच्या बुडाशी. घराजवळ जळणाला रचलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग असतो. त्यात उंदीर, आणि उंदरामागे साप. रात्री जागलीला गेलेली माणसं भुईवरच आडवी होतात. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आहे. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले. ज्या आठ राज्यांत सर्वाधिक मृत्यू झाले, त्यांत तेलंगणासह आंध्र प्रदेश आहे. हे आकडे मला तेव्हा माहीत नव्हते, पण आमच्या गल्लीत कुणाचा बाप, कुणाची बहीण साप चावून गेली ते माहीत होतं.

तर, फुली. नानांच्या पायाकडे पाहिल्यावर मी पहिल्यांदा विचार केला, की फुली म्हणजे ‘नको’ हे मला कुणी शिकवलं? शाळेने. पाटीवर, वहीत, लाल पेनाने. जो शाळेत फार टिकलाच नाही त्याला चित्रावरची फुली म्हणजे चित्रावर पडलेल्या दोन रेघा. गुंडाळी करून बांधलेल्या दोऱ्या असतील, पायवाटा असतील, काहीही असेल. आणि फुली उडाली नसती, तरी दुरून जाणाऱ्याला आधी दिसणार होता तो माणूस आणि त्याच्या हातातली दोरी. चित्र जे दाखवतं ते दाखवतंच. बोलताना आपण ‘नको’ म्हणू शकतो. चित्राला तो शब्दच येत नाही.

बरं, शब्दांना तरी येतो का? पोस्टरवर मी लिहिलं होतं, ‘दोरी बांधू नका’. मराठीत नकार शेवटी येतो. चालत्या बैलगाडीवरून बघणाऱ्याची नजर ‘दोरी बांधू’पर्यंत जाते आणि गाडी पुढे निघते. शिवाय ओळ मावली नाही म्हणून मी ‘नका’ खालच्या ओळीत ढकलला होता, आणि पोस्टरचा खालचा कोपरा शेळीने खाल्ला होता. तेलुगूत तर याहून नाजूक काम आहे. ‘कट्टंडि’ म्हणजे बांधा, ‘कट्टकंडि’ म्हणजे बांधू नका. मधल्या एका ‘क’वर माणसाचा पाय अवलंबून.

मला लहानपणचा विंचू आठवला. ३१ मे २००९पासून तंबाखूच्या पाकिटांवर चित्ररूप इशारा सक्तीचा झाला, तेव्हा खायच्या तंबाखूवर विंचवाचं चित्र आलं. कर्करोगाचं भय दाखवायला विंचू. आमच्याकडे खर्रा घरोघर. मी अकरा वर्षांची होते. माझ्या मोठ्या बाबांनी पुडी उलटसुलट करून पाहिली आणि दुकानदाराला विचारलं, हा विंचू छाप नवा आला का, कडक असेल. त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. वाघ छाप, घोडा छाप, मोर छाप अशाच खुणांनी आमच्या भागात माल ओळखला जातो. ज्याने दिल्लीत विंचू काढला त्याला भीती दिसली, मोठ्या बाबांना छाप दिसला. दोन-अडीच वर्षांत सरकारने विंचू काढून टाकला आणि तोंडाच्या कर्करोगाची खरी छायाचित्रं आली. ती पाहून मात्र मोठी माय पुडी पालथी घालून ठेवायला लागली.

आपल्याच देशात याहून शहाणी उदाहरणं होती, ती मी नंतर शोधली. १९६०च्या दशकातला लाल त्रिकोण घ्या. टोक खाली केलेला त्रिकोण आणि शेजारी चार हसरे चेहरे: आई, बाप, मुलगा, मुलगी. कुटुंब नियोजन खात्यातले दीप त्यागी यांच्या नावाशी ही खूण जोडली जाते. त्यामागच्या कार्यक्रमाने पुढे आणीबाणीत काय रूप घेतलं ते आपल्याला माहीत आहे आणि ते विसरू नये. पण खूण म्हणून तिच्यात एकही फुली नाही. दहा मुलांचं गांजलेलं घर काढून त्यावर काट मारलेली नाही. किंवा देवीच्या निर्मूलनाचं काम. सत्तरच्या दशकात घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्यांच्या हातात एक कार्ड असायचं. त्यावर अंगभर देवीचे फोड उठलेल्या मुलाचा फोटो. ते दाखवून विचारायचं, असं लेकरू कुठे पाहिलंत का? १९७५मध्ये तर नवा रुग्ण कळवणाऱ्याला हजार रुपयांचं बक्षीस होतं आणि त्याची पोस्टरं लागली होती. त्या कार्डाचं एकच काम होतं, ओळखा आणि सांगा. १९७५नंतर आपल्याकडे देवी राहिली नाही.

मी पोळ्याची सुट्टी संपवून परत गेले आणि मॅडमना सांगितलं, अंतिम वर्षाच्या प्रकल्पाला मी तेच पोस्टर परत करणार आहे. या वेळी मी आधी डॉक्टरांकडे गेले. सर्पदंशाच्या राष्ट्रीय उपचार-नियमावलीत प्रथमोपचारासाठी इंग्रजी ‘राइट’ या शब्दाची अक्षरं वापरली आहेत: धीर द्या, अवयव हलू देऊ नका, रुग्णालय गाठा, लक्षणं डॉक्टरांना सांगा. इंग्रजीत ते बेताने जुळतं. मराठीत तशी अक्षरं जुळवायला मी आठ दिवस घालवले आणि सोडून दिलं. अक्षरांची जुळणी वाचणाऱ्यासाठी असते. माझ्या नानांना वाचायला चष्मा लागतो आणि शेतात चष्मा नसतो. पण चारच गोष्टी आहेत हे मला तिथून मिळालं.

धीर देणं हे औषधच आहे. चावणारे साधारण सत्तर टक्के साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष शरीरात जातंच असं नाही. घाबरून पळालं, की रक्त वेगाने फिरतं. म्हणून झोपवायचं. चावलेला हात-पाय मोडलेल्या हाडासारखा काठीला सैल बांधायचा, हलू नये इतपत. अंगठी, कडं, पैंजण, जोडवी काढायची, कारण सूज आली की तीच फास होतात. मग गाडी. दवाखान्यात प्रतिसर्पविष मिळतं. ते घोड्याच्या रक्तापासून करतात आणि एकाच कुपीत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. त्यासाठी लागणाऱ्या विषाचा मोठा वाटा चेन्नईजवळच्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेतून येतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांच्यासारख्या डॉक्टरांनी गावपातळीवर राहून जे दाखवून दिलं ते हेच, की माणूस वेळेत पोचला तर वाचतो.

सर्वांत वाईट मण्यार. ती रात्री येते, भुईवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूण धड दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात आणि मग श्वास अडतो. घरचे म्हणतात, रात्री चांगला जेवून झोपला होता. यावर साधा उपाय आहे, खाट आणि कडा गादीखाली खोचलेली मच्छरदाणी.

आता चित्र. पण आधी साप.

पहिल्या पोस्टरच्या मध्यभागी मी फणा काढलेला नाग काढला होता, डोळे लाल, दातांतून विष गळतंय. आत्याने मला तेव्हा सांगितलं नव्हतं, ते आता सांगितलं: पोस्टर लावल्यावर थोड्याच दिवसांत नागपंचमी आली आणि कुणीतरी त्या नागाला हळद-कुंकू वाहिलं होतं. मी नीट पाहिलं, तर कागदावर कुंकवाचा डाग खरंच होता. माझा लाल उडाला होता, तो टिकला होता. आपल्याकडे भिंतीवर नाग काढतात तो पूजेसाठी. आणि आमचा मुलूख गोंडांचा. इंद्रवेल्ली मंडलातल्या केसलापूरला पुष्य अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळाची माणसं गोदावरीचं पाणी आणायला पायी जातात, आणि त्या पाण्याने नागोबाची महापूजा होते. तिथे मी राक्षसासारखा नाग घेऊन जाणार होते का? माझ्या वर्गातल्या गोंड मैत्रिणीने एका वाक्यात सांगितलं, ‘‘तरासला शिवी देऊन तू आमच्याशी बोलू नको.’’ तरास म्हणजे गोंडीत साप.

म्हणून नव्या पोस्टरमध्ये साप शत्रू नाही. तो खाली कडेने चालला आहे, त्याच्या वाटेने. मण्यारच काढली, काळी, अंगावर पांढरे बारीक पट्टे, आणि खऱ्या मापाची. पोस्टर तीस इंच उंच आहे ते मी आडवं केलं, मण्यार कडेपासून कडेपर्यंत बरोबर बसली. तिच्या वर खाट, खाटेवर मच्छरदाणी. कुणालाही न मारता गोष्ट सांगून झाली.

चौकटींचा क्रम हा दुसरा घोळ. मराठी आणि तेलुगू डावीकडून वाचतात. आदिलाबाद शहरात आणि मोठ्या गावांत उर्दू वाचणारी घरं आहेत, ती उजवीकडून वाचतात. शेजारी-शेजारी चौकटी ठेवल्या तर एका घरात आधी दवाखाना आणि मग साप. मी चौकटी एकाखाली एक लावल्या. वरून खाली सगळेच बघतात.

मग मी कच्ची रेखाटनं घेऊन फिरले. इथे मला जे कळलं ते कुठल्याही पुस्तकाआधी विद्यार्थ्यांना सांगावं असं वाटतं: ‘समजलं का?’ असं कुणाला विचारायचं नाही. सगळे ‘हो’ म्हणतात. पाहुणी पोर उन्हात कागद घेऊन उभी आहे, तिला कोण नाही म्हणेल? विचारायचं, ‘काय दिसून राह्यलं?’ आणि गप्प बसायचं. मी रुग्णवाहिका काढली होती, वर दिवा असलेली पांढरी गाडी. एका आजींना ती निवडणुकीची गाडी वाटली. सलाईनची बाटली सगळ्यांनी ओळखली, अगदी चार वर्षांच्या पोरानेही. धीर देणारा हात मी खांद्यावर ठेवला होता. बायांना ते भांडण सोडवणं वाटलं. हात कपाळावर नेल्याबरोबर सगळ्या म्हणाल्या, ‘‘बरं नाही तिला.’’ आधी रुग्ण पुरुष होता. वेचणीच्या बाया चित्राकडे बघून म्हणाल्या, हा गड्यांचा कागद आहे. मी रुग्ण बाई केली.

केसलापूरच्या जत्रेत, फेब्रुवारी २०१९मध्ये, दोन दिवस मी लोक चित्र कसं बघतात तेच बघत होते. एका मध्यमवयीन माणसाने बराच वेळ तिसऱ्या चौकटीकडे पाहिलं. त्यात १०८वरून आलेली गाडी होती. तो म्हणाला, आमच्या गुड्यात, म्हणजे पाड्यात, पावसाळ्यात ही गाडी येतच नाही, वाटेत ओढा आहे. मग कशाने नेता? मोटरसायकलने. मधे बसवतो, मागे एक जण धरून बसतो.

मला त्याने पोस्टर दिलं. नेपाळच्या आग्नेयेला दमक नावाचं गाव आहे. तिथे सर्पदंशाच्या रुग्णांना स्वयंसेवकांनी मोटरसायकलवर मधे बसवून आणायला सुरुवात केली. आजूबाजूच्या चार गावांत मृत्यूचं प्रमाण साडेदहा टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आलं. हे मी नंतर वाचलं. त्याच्या गुड्यातली माणसं ते आधीपासून करत होती. मी तिसऱ्या चौकटीत मोटरसायकल काढली, त्यावर तिघं. महाविद्यालयात एका शिक्षकांनी हरकत घेतली, की तीन जण बसवणं कायद्याने गुन्हा आहे, सार्वजनिक पोस्टरवर कसं दाखवता? त्यांची काळजी खोटी नव्हती. पण ज्या ओढ्यावरून गाडी जात नाही त्याच्या काठी मरणाऱ्या बाईला मी कोणतं चित्र दाखवायचं? मी मोटरसायकल ठेवली, आणि तिच्या वर फोनचं कीपॅड काढलं, त्यातले एक, शून्य आणि आठ एवढे तीन खटके रंगवून. आकडे फोनवर असतात तसेच, इंग्रजी वळणाचे. बोट जिथे पडायचं तिथलीच खूण हवी.

मागे बसणारा कोण, हे एका जाणत्याने ठरवलं. जाणता म्हणजे मंत्र घालणारा. माझ्या पहिल्या पोस्टरने ज्याच्यावर फुली मारली होती, त्यातलाच एक. मी भीतभीत त्यांच्याकडे गेले. त्यांनी कागद मांडीवर घेऊन बघितला आणि म्हणाले, लोक रात्री आधी माझ्याच दारात येतात. तू मला काढून टाकलंस तर ते चित्राचं ऐकणार नाहीत, माझंच ऐकतील. मला गाडीवर मागे बसव. मी त्यांना बसवलं. खांद्यावर घोंगडी, एक हात बाईच्या पाठीशी.

अक्षरांवर मी फार वेळ खर्च केला आणि तो वाया गेला असं वाटत नाही. देवनागरीला शिरोरेषा असते, दुरून ओळ पकडून ठेवते. पण वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांना जागा दिली नाही तर भिंतीवर ‘झोपवा’चं ‘झापवा’ होतं. तेलुगू अक्षर गोल, त्याला रेषा नाही आणि जोडाक्षराचा तुकडा खाली लोंबतो, म्हणून त्याला ओळीखाली जास्त मोकळी जागा लागते. दोन्ही लिप्या एकाच उंचीला ठेवल्या की मराठी मोठी आणि तेलुगू चिमुकली दिसते, आणि मग कुणाला तरी वाटतं आपल्याला खाली बसवलं. मी मोजपट्टी बाजूला ठेवून डोळ्याने तोल साधला. गोंडीसाठी गुंजाळा गोंडी लिपीत एक ओळ लिहून घेतली. ही लिपी आमच्याच जिल्ह्यातल्या, नारनूर मंडलातल्या गुंजाळा गावच्या हस्तलिखितांतून पुढे आली आणि २०१८मध्ये युनिकोडमध्ये दाखल झाली. ती वाचणारे आज थोडे आहेत. थोरले गोंड बहुतेक मराठी जाणतात, आणि १९४०च्या दशकात मारलवाईला मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंडी वाचनपुस्तकं झाली तीही देवनागरीत. तरीही ती ओळ ठेवली. त्या ओळीपाशी जत्रेत एक म्हातारा बोट टेकवून उभा राहिला होता. वाचत नव्हता, नुसता उभा होता.

मराठीत शेवटी फक्त हे उरलं: ‘साप चावला? झोपवा. काठी लावा. गाडीत घाला. दवाखाना.’ ‘नका’ कुठेच नाही.

२०२४च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३०पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असं त्यात म्हटलं आहे, आणि लोकांना माहिती देण्यावर भर आहे. म्हणजे आता पुष्कळ पोस्टरं होतील, राजधान्यांतल्या संगणकांवर. ती करणाऱ्यांपर्यंत माझे हे चार शब्द पोचावेत म्हणून इतकं लिहिलं.

भिंतीचं सांगायचं राहिलं. २०१९च्या मृगाआधी पंचायतीने त्याच भिंतीवर चित्र रंगवून घ्यायला होकार दिला. कागद नको म्हटलं मी. आदिलाबादहून दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर काका आले. लालसाठी आम्ही गेरूच्या जातीचा रंग घेतला. माती असते ती, उन्हाला भीत नाही. काळ्याला काजळी, पांढऱ्याला चुना. दोन दिवस काम चाललं. नाना समोर बाज टाकून बसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, हे दोरीचं नाही, काठीचं आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्या पाण्याची घागर घेऊन चालली होती. ती थांबली, घागर कमरेवरच ठेवून तिने वरपासून खालपर्यंत चारही चौकटी पाहिल्या. मग म्हणाली, ‘‘त्या बाईच्या पायात जोडवी तशीच हायेत.’’

मी वर पाहिलं. होतीच. चार महिने मी ते चित्र काढत होते, पन्नास माणसांना दाखवलं होतं, जोडवी काढा म्हणून स्वतः सांगत फिरले होते, आणि पायाची बोटं काढताना हाताने सवयीने जोडवी काढली होती. पेंटर काकांनी चुन्यात ब्रश बुडवून ती पुसली. मग शिडीवरूनच विचारलं, ‘‘काढली तं ठेवू कुठं?’’

आत्या म्हणाली, ‘‘सासूच्या मुठीत दे.’’

उशाशी बसलेल्या सासूचा एक हात सुनेच्या कपाळावर होता, दुसरा मोकळा होता. काकांनी त्या हाताची बोटं मिटवली, आणि मुठीच्या कडेला दोन छोट्या पांढऱ्या कड्या काढल्या.